व्यंकटचं उसनं विरजण

व्यंकट ओव्हाळानं उभ्या जन्मात कुणाकडं काडीपेटीसुद्धा मागितली नाही, असं वाडीतले लोक सांगायचे, आणि त्यात तिखटमीठ फार नव्हतं. बिडी ओठात धरून तो नुसता उभा राहायचा. काडीपेटीवाला माणूस आपण होऊन जवळ आला तर ठीक. नाही आला तर बिडी कानावर ठेवायची आणि पुढं चालू लागायचं. एकदा येरमाळ्याच्या बाजारात त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. चपला शिवणारा ओळखीचा. तो म्हणाला, "बस व्यंकट, दोन टाके मारतो, पैसे पुढच्या बाजारी दे." व्यंकट बसला नाही. चपला काखोटीला मारल्या, उन्हाच्या फुफाट्यातून अनवाणी वाडी गाठली आणि पुढच्या बाजारी आधी पैसे दाखवले, मग चप्पल पुढं केली. शिवणारा म्हणाला, "तुझ्या पायाचं कातडं माझ्या कातड्यापेक्षा टिकाऊ हाय बाबा."

लोक हसायचे, पण या वागण्याला मूळ होतं. व्यंकटचा बाप छप्पन सालच्या आधी दिवस कलताना घोंगडी पांघरून, मडकं घेऊन गावातून फिरायचा. दारात उभं राहायचं, हाळी द्यायची; भाकरी वरून टाकली जायची, ताक वरून ओतलं जायचं. छप्पनला सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला. बाप त्याच हप्त्यात ते मडकं घेऊन ओढ्यात गेला आणि खडकावर आपटून आला. लेकाला म्हणाला, "काम करायचं, मजुरी घ्यायची, इकत आणायचं. पर भांडं घेऊन कुणाच्या दारात हुबं ऱ्हायचं न्हाय." बाप गेला, पण त्याचा शब्द व्यंकटनं मोडला नाही. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, कामावरची सुकडी खाल्ली, कारण ती घामाची होती. दारात मात्र उभा राहिला नाही.

एवढं वगळलं तर माणूस फार मोकळा. बोलका, हसरा, पुतळाबाईला, म्हणजे बायकोला, दिवसातून दोनदा तरी रागावायला लावणारा. वाडी होती येरमाळ्याच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या उतरणीवर. खाली पाऊस पडला तरी वर ढग नुसते हजेरी लावून जायचे.

ऐंशी साल उलटलं आणि पावसानं पुन्हा तोंड फिरवलं. विहिरी खरवडल्या गेल्या, टँकर सुरू झाला. पण बहात्तर आणि आता यात एक फरक होता. आता सहकाराचं वारं होतं. वारं म्हणजे असं की, चार माणसं पारावर तंबाखू मळायला बसली तरी उठताना त्यांची सोसायटी झालेली असायची. वाडीत दूध डेरी आली. सकाळी कॅन भरून जवळच्या वाशी गावाकडं जाऊ लागले आणि घरोघरची रवी खुंटीला लटकली. हातात पगार यावा तसा हप्ता येऊ लागला. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. फक्त पाहुणा आला की त्याला ताकाऐवजी चहा मिळू लागला, तोही डेरीतून परत विकत आणलेल्या दुधाचा.

डेरी बघून वस्तीतल्या काही घरांनी कोंबड्यांची सोसायटी काढली. चेअरमन कोण, तर व्यंकट. "जो कुणाला काही मागत न्हाय, तो पैशाजवळ बसवायला बरा," असं त्याच्या चुलत्यानं सभेत सांगितलं आणि ठराव पास झाला.

पिलं उस्मानाबादहून एस्टीनं आली. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची खोकी, आत चिवचिवाट. कंडक्टरनं खोक्याला कान लावला.

"हे लगेज हाय का पॅसिंजर?"

"पिलं हायत साहेब," व्यंकट म्हणाला.

"आईबाप कुठं हायत?"

"मीच हाय."

कंडक्टर असा हसला की त्यानं लगेजची पावती फाडली खरी, पण खोकी टपावर चढवू दिली नाहीत. सगळी वाट ती खोकी मागच्या सीटवर बसून आली आणि पैसे भरलेली माणसं दांड्याला धरून उभी.

वाडीनं असल्या कोंबड्या पाहिल्या नव्हत्या. गावठी कोंबडी तांबडी, काळी, चितकबरी. ही सगळी पांढरीफेक वाढू लागली. पारावरून कुणी ना कुणी हटकायचं, "व्यंकट, खादी घातलेली दिसतीय समद्यांनी. पुढारी पाळलास का काय?"

"पुढाऱ्यापक्षा बरी," व्यंकट म्हणायचा. "खात्यात तेवढं परत देत्यात."

वस्तीच्या कडेला पत्र्याची शेड उभी केली होती. खाली अंथरायला भाताचा कोंडा कुठला मिळायचा. भुईमुगाची टरफलं पसरली. चैत्र लागला आणि पत्रा तापू लागला. दुपारी पिलं चोची उघडून धापा टाकायची. व्यंकटला ते बघवायचं नाही. आता दुष्काळात वाढलेल्या माणसाच्या हातून पाण्याचा थेंब वाया जात नाही. अंघोळीचं पाणी बादलीत उतरायचं, भांड्यांचं पाणी घमेल्यात. तेच पाणी त्यानं रोज तिसऱ्या प्रहरी त्या टरफलांवर शिंपडायला सुरुवात केली. म्हशीच्या गोठ्यात सगळं गाव तेच करतं. गार टरफलांत पिलं पोट टेकून बसायची आणि व्यंकट दारात उभा राहून बघायचा. पाणीही वाया नाही आणि पाखरंही सुखी. आपल्याएवढा हुशार चेअरमन जिल्ह्यात नसेल, असं त्याला वाटायचं.

मग एका सकाळी पुतळाबाई शेडमधून बाहेर आली ती तोंड पाडून.

"आवं, हिकडं या. हगवणीत रगत हाय."

व्यंकटनं जाऊन पाहिलं. कोपऱ्यात पिलं पंख सोडून, पिसं फुलवून, डोळे मिटून बसली होती. टरफलांवर तांबडे डाग. दुपारपर्यंत काही आडवी झाली.

येरमाळ्याहून जनावरांचे डॉक्टर आले, महारुद्र नावाचे. तरुण माणूस, सायकलवरून चढ चढून आल्यानं घामाघूम. त्यांनी आधी पिलाला हात लावला नाही. वाकून मूठभर टरफलं उचलली आणि दाबली.

"व्यंकटराव, टँकरच्या गावात ही ओली कशी?"

व्यंकटनं आपली हुशारी सांगितली. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला.

डॉक्टर रागावले नाहीत. उलट म्हणाले, "मायेनं केलंत. पण ह्या रोगाचा किडा डोळ्याला दिसत नाही. तो पिलाच्या आतड्यात राहतो. विष्ठेतून बाहेर पडतो, आणि खाली ओल आणि ऊब मिळाली की पिकतो. दुसरं पिलू चोच मारतं, आणि तो त्याच्या पोटात जातो. कोरड्यात त्याचं काही चालत नाही."

"म्हंजे म्याच पेरलं म्हणा की," व्यंकट म्हणाला.

"पेरलं नाहीत. पाणी दिलंत."

डॉक्टरांनी वाशीहून औषधाची पूड आणवली, पाण्यात कालवून पाजली. ओली टरफलं काढून दूर पुरली, कोरडी अंथरली. काही पिलं गेली, बरीचशी वाचली. पण जाताना डॉक्टरांनी खरी गोष्ट सांगितली. पिलांची दुसरी खेप लवकरच यायची होती. ह्याच शेडमध्ये, ह्याच मातीवर. ती खेपही आडवी झाली तर वरचं ऑफिस तिसरी देणार नव्हतं आणि सोसायटीला कुलूप लागणार होतं. वस्तीतल्या ज्या घरांनी व्यंकटच्या भरवशावर सही-अंगठा केला होता, त्यांनी काय करायचं?

"येताक्षणी त्यांना रोज आंबट ताक पाजा," डॉक्टर म्हणाले.

"ताक? कोंबडीला?"

"व्यंकटराव, तुम्ही एस्टीनं जाता. गाडी लागायच्या आधी लोक काय करतात?"

"खिडकीतनं टावेल टाकत्यात."

"जागा धरतात. ताकात जिवंत जंतू असतात, चांगले. ते आधी पोटात गेले की आतड्यात टॉवेल टाकून बसतात. मागून तो वाईट किडा चढला तरी त्याला बसायला नीट जागा मिळत नाही. उभा राहतो, धक्के खातो, पुष्कळसा खाली उतरतो." मग त्यांनी बोट वर केलं. "पण नीट ऐका. ताक म्हणजे औषध नव्हे. रोग झाल्यावर ताकावर बसू नका, मला बोलवा. आणि टरफलं ओली असतील तर टॉवेलबिवेल काही चालायचा नाही."

व्यंकटला हा टॉवेल इतका आवडला की पुढं कितीतरी वर्षं तो कुणालाही धरून ही गोष्ट सांगायचा, आणि सांगताना गाडीत आणखी दोन माणसं कोंबायचा. पण त्या दिवशी मात्र डॉक्टरांची सायकल उतरणीला लागली तसा तो ओट्यावर येऊन बसला.

"ताक आणायचं कुठनं?" पुतळाबाईनं विचारलं. आणि तिनंच उत्तर दिलं, "अव्वाकडनं."

वाडीत त्या काळी ताक एकाच घरी होतं. गिरिजाबाईंच्या. लिंगायत घर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक तामलवाडीला दिलेली. सगळं गाव त्यांना अव्वा म्हणायचं. डेरीचे लोक त्यांच्या म्हशीसाठी तीनदा येऊन गेले. अव्वांनी सांगितलं, "माझ्या म्हशीनं डेरी बघितली न्हाय, आन डेरीनं माझी म्हस बघू ने." रोज पहाटे त्यांची रवी घुमायची. लोणी काढून उरलेलं ताक जो येईल त्याला. विकणं नाही. ताक विकलं तर म्हैस आटते, असं त्या पक्कं मानायच्या.

"म्या जाती," पुतळाबाई म्हणाली. "म्या काय तुमच्या बापाला शबुद दिला न्हाय."

"तू गेलीस काय आन म्या गेलो काय. घर एकच हाय."

दोन दिवस व्यंकट शेड झाडत राहिला. तिसऱ्या दिवशी पिलं उद्यावर आली, तेव्हा अंगात सदरा घातला, खिशात पैसे टाकले आणि अव्वांच्या दारी गेला. भांडं नेलं नाही. विकत घेणाऱ्या माणसासारखा ताठ उभा राहिला.

"अव्वा, ताक पायजे. काय दर लावताव?"

अव्वा शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "काय म्हणलास?"

"दर."

"आरं, ताक इकत असत्यात व्हय? माझ्या म्हशीच्या आचळाला कुलूप लावायला आलास का?"

"मग म्या फुकट न्हेत न्हाय."

"म्या पैशानं देत न्हाय."

 शेंगा फुटत राहिल्या. अव्वांना हसू येत होतं, पण त्या दाखवत नव्हत्या.

"कुणाला पायजे रं ताक? पुतळीला बरं न्हाय का?"

इथं व्यंकटची पंचाईत झाली. अव्वांच्या घरात अंड्याचं नावही निघत नसे. बाजारातून आलेली पिशवी अंड्याच्या पिशवीला लागली तर त्या पिशवी धुवायच्या. त्यांच्यापुढं कोंबडी म्हणायचं कसं? खोटं बोलायची सवय असती तर भागलं असतं.

"लेकरास्नी," तो म्हणाला.

"कुणाच्या?"

"माझ्याच की."

"तुझी दोन लेकरं. दोघंबी माझ्या डोळ्यादेखत मघाशी पळत गेली. त्यांना काय धाड झालीय?"

"ती न्हाय. दुसरी हायत."

"दुसरी?" अव्वांच्या हातातली शेंग थांबली. "किती हायत?"

"शंभरावर असत्याल."

अव्वांनी ती शेंग खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "पांढरी?"

"व्हय."

"पंखवाली?"

"व्हय अव्वा."

आता त्या दार लावून घेतील, असं समजून व्यंकट वळला. पण अव्वांनी हाक मारली.

"जातोस कुठं? तुझ्या पाखरांचं समद्या गावाला ठावं हाय. म्या अंडं खात न्हाय, म्हणून पाखरानं रगत हगून मरावं, असं कुठल्या सामीनं सांगितलंय?" त्या उठल्या. "ताक म्या इकत न्हाय. फुकट तू घेत न्हायस. मग इरजण ने. इरजण उसनं असतंय. चमचाभर न्यायचं, आपल्या दुधाला लावायचं, आन दुसऱ्या दिवशी आपल्या दह्यातलं तेवढंच आणून द्यायचं. माझी सासूबी शेजारणीकडनं उसनंच आणायची. त्यात कोण बी कुणाचा मिंधा न्हाय."

उसनं. व्यंकटनं शब्द मनात उलटासुलटा करून पाहिला. त्यात त्याला कुठं खोट दिसली नाही. बापानं उसन्याला नको म्हटलेलं नव्हतं. अव्वांनी मातीच्या बोळक्यात दोन चमचे दही घातलं, वर पळसाचं पान झाकलं.

आता दूध. वस्तीत दुभतं जनावर उरलं नव्हतं. व्यंकट गेला डेरीत. सकाळी दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाच्या भांड्यातून फॅट तपासायला थोडं थोडं दूध काढून घेत. तपासायला लागे थेंबभर, उरलेलं नमुन्याचं दूध एका पातेल्यात साठे. त्या पातेल्याचं काय होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याचा चहा होत होता. चेअरमन आण्णासाहेब आणि कमिटीची मंडळी तो सकाळपासून दुपारपर्यंत पीत असत.

"जय भीम, आण्णासाहेब. नमुन्याचं दूध आमच्या सोसायटीला इकत पायजे. रोजचं. डेरीच्या दरानं, रोखीनं."

"या या, चेअरमन," आण्णासाहेब म्हणाले. "चहा घ्या. कशाला पायजे दूध?"

"ताक करून कोंबड्यास्नी पाजायचं हाय."

कमिटीतला एकजण चहा ओढता ओढता ठसकला. "म्हंजे आमी कोरा प्यायचा, आन कोंबड्या ताक पिणार?"

"तुमच्या पोटात काय किडा पडलाय का?" व्यंकटनं विचारलं.

"पडला असंल तर ह्या चहानंच पडला," आण्णासाहेब म्हणाले आणि कप खाली ठेवला. ते गडगंज माणूस, पण हिशेबी. नमुन्याच्या दुधाला आजवर एक पैसा आला नव्हता. आता रोख येणार होता. "द्या ह्यांना. सहकार म्हणजे काय मग? एका सोसायटीनं दुसरीला धरायचं." लगेच त्यांनी पोऱ्याला न सांगता स्वतःच पातेलं पुढं सरकवलं. त्या दिवसापासून डेरीत गुळाचा कोरा चहा सुरू झाला, आणि कमिटीच्या बैठका एकदम लहान झाल्या.

पण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. व्यंकटनं दूध चांगलं खळखळून उकळलं, आणि उतरवल्या उतरवल्या त्यात विरजण घातलं. गरम गरम लावलं तर लवकर लागेल, असा हिशेब. सकाळी पाहतो तर दह्याचा पत्ता नाही, वासट पाणी आणि चोथा. दूध गेलं, विरजण गेलं आणि उसनं फेडायलाही काही उरलं नाही.

तरी तो अव्वांच्या दारात गेला आणि घडलं ते सांगितलं. सगळं ऐकून अव्वा पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की म्हशीनं मान वळवून पाहिलं.

"आरं, जित्ता जीव हाय त्यो. कढत दुधात घातलास? तुला कुणी कढईत बसवलं तर तू लागशील का? दुधात करंगळी बुडव. चटका बसू ने, ऊब लागावी. मग घाल." आणि त्यांनी पुन्हा दिलं. "आता दोनदाचं उसनं झालं बरं का."

ह्या खेपेला दही असं लागलं की पातेलं तिरपं केलं तरी हललं नाही. पुतळाबाईनं घुसळलं, लोणी लेकरांच्या भाकरीवर गेलं, आणि ताकात पाणी घालून मातीच्या पसरट परळांतून ते नव्या पिलांपुढं ठेवलं. पिलं आधी बिचकली. मग एकानं चोच बुडवली, मान वर करून घोट गिळला. मग दुसऱ्यानं. थोड्याच वेळात सगळी शेड चोची बुडवत होती आणि आभाळाकडं बघत होती. व्यंकट दुपारपर्यंत तिथंच बसून राहिला.

दुसऱ्या सकाळी वाटीभर दही घेऊन तो अव्वांकडं निघाला. आयुष्यात पहिल्यांदा भांडं घेऊन कुणाच्या दारी जात होता, पण भरलेलं. अव्वा चुलीपाशी होत्या.

"अव्वा, उसनं आणलंय."

"ठेव तिथं ओट्यावर," आतून आवाज आला.

व्यंकटनं वाटी ठेवली. ओट्याच्या कडेला अव्वांचा बोका शेपूट गुंडाळून बसला होता. तो निघाला. मागं वळून पाहावंसं फार वाटलं, पण त्यानं पाहिलं नाही.

घरी आला तो गप्प. व्यंकट गप्प म्हणजे वस्तीला काळजी. पुतळाबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "हातात घेतलं न्हाय. वट्यावर ठिवाय लावलं."

"चुलीपाशी हुती म्हणताव की."

"हुती. पर तिनं ते दुधाला लावलं, का बोक्याला घातलं?"

"काय बी करंल. तुमी दिलंत न्हवं? मग झालं."

"तसं न्हाय पुतळे. तिनं लावलं, तर ते उसनं. बोक्याला घातलं, तर तिनं मला इरजण वाढलं असं झालं. मग बापाचा शबुद मोडला की म्या."

 आपल्या घरातलं दही लिंगायताच्या दुधात जाईल, असं पुतळाबाईलाही छातीवर हात ठेवून म्हणवेना. अव्वा मनाच्या चांगल्या होत्या, पण चांगुलपण आणि चूल या गावात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होती.

दिवस जात राहिले. दुसऱ्या खेपेच्या पिलांनी बाळसं धरलं. एखाददुसरं पेंगलं की व्यंकट लगेच ते वेगळं काढायचा, डॉक्टरांना बोलवायचा. टरफलं रोज खालीवर करायचा. कुणी शेडजवळ ओला हात झटकला तरी ओरडायचा. डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले, "कोरडी जमीन जास्त कामाची का ताक, हे मी छातीठोक सांगणार नाही. दोन्ही चालू ठेवा." व्यंकटनं दोन्ही चालू ठेवलं. कोंबड्या अंड्यावर आल्या, टोपल्या येरमाळ्याच्या स्टँडवर जाऊ लागल्या, तिसरी खेप मंजूर झाली. वस्तीतल्या बायांनी विरजण घरोघरी नेलं, आणि लेकरांच्या वाट्यालाही भाकरीबरोबर ताक येऊ लागलं.

सगळं नीट होतं. फक्त अव्वांच्या घरावरून जाताना व्यंकट बोक्याकडं बघायचा. बोका गलेलठ्ठ होत चालला होता, आणि ते त्याला बरं वाटत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात अव्वांची म्हैस आटली, आणि चाऱ्याचीही ओढाताण झाली. घराला कडी घालून त्या म्हैस घेऊन लेकीकडं तामलवाडीला गेल्या. पाऊस पडून ज्वारी गुडघ्याला लागली तेव्हा परत आल्या, बरोबर व्यालेली म्हैस आणि तिची रेडी.

त्या आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सकाळीच, व्यंकट शेडमध्ये टरफलं हलवत होता. पुतळाबाई धावत आली. "आवं, अव्वा आल्यात."

"कुठं?"

"आपल्या दारात."

अव्वा वस्तीत कधी आल्या नव्हत्या. पायरीवर उभ्या होत्या, हातात पितळेची वाटी. व्यंकटला काही सुधरेना. त्यानं घोंगडं अंथरलं, उचललं, झटकलं, पुन्हा अंथरलं.

"बसायला आले न्हाय," असं म्हणत अव्वा बसल्या. "इरजण पायजे. गावात कुणाच्याच घरी न्हाय. समद्यांचं डेरीत जातंय. म्हणलं तुझ्याकडं असंल."

"हाय की," व्यंकट म्हणाला, पण हलला नाही. इतके दिवस पोटात धरलेलं बाहेर आलंच. "अव्वा, एक इचारू का? राग मानू नका."

"इचार."

"पयल्यांदा म्या आणून दिलं ते तुमी लावलं का बोक्याला घातलं?"

पुतळाबाईनं जीभ चावली. अव्वांनी वाटी खाली ठेवली.

"खरं सांगू का? दोन्ही न्हाय. शिंक्यावर ठिवलं. हात धजंना. जन्माची सवय हाय व्यंकट, ती काय एका वाटीनं जाती का? त्या दिशी माझं मीच लावलं. सकाळी बघते तर माझं दही नासलेलं, तार सुटलेली. आन शिंक्यावरचं तुझं कसं, वडी पाडावी असं. मग म्या मनाला म्हणलं, गिरजे, पाखरं शहाणी निघाली. तुझंच लावलं. म्हस आटोस्तवर माझ्या घरात तुझंच हुतं, आन गावानं समदं माझं म्हणून पिलं. आण्णासाहेबानंबी."

व्यंकट आधी हसला नाही. मग एकदम असा हसू लागला की शेडमधल्या कोंबड्या कलकलल्या.

"आन त्यो बोका कशानं माजलाय?"

"उंदरानं," अव्वा म्हणाल्या. "त्याचा तुला काय तरास?"

व्यंकट आत गेला, दह्याचं गाडगं घेऊन आला आणि वाटी काठोकाठ भरू लागला. अव्वांनी त्याचा हात धरला.

"पुरं, पुरं. एवढं नको. चमचाभर लागतंय. उद्या परत आणून द्यायचंय मला."

पुतळाबाईनं चहा टाकला होता. तो पीत पीत अव्वांनी शेडच्या जाळीतून कोंबड्या बघितल्या आणि व्यंकटचं दही जरा जास्तच आंबट होतं म्हणून त्याला बोल लावले. तो मान हलवत ऐकत बसला होता.